ईमेल-सुरक्षा आणि साधननिवडीचे स्वातंत्र्य : एक चिकित्सा

सुरक्षा वाढली की निवडीचे स्वातंत्र्य आक्रसते, हे गृहीतक ईमेलच्या संदर्भात तपासणे आवश्यक आहे. केवळ नाव व पासवर्ड देऊन अन्य सॉफ्टवेअरमधून वैयक्तिक जीमेल खाते उघडण्याची सोय गूगलने ३० मे २०२२ रोजी बंद केली. १६ सप्टेंबर २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टने आउटलुक डॉट कॉमबाबत तेच केले.

या निर्णयामागील कारण ग्राह्य आहे. जुन्या पद्धतीत मूळ पासवर्डच त्रयस्थ सॉफ्टवेअरच्या हाती जाई. ‘ओऑथ’ या खुल्या मानकात पासवर्डाऐवजी मर्यादित परवानगी दिली जाते व ती केव्हाही रद्द करता येते. थंडरबर्डसारखे मुक्त सॉफ्टवेअरही ही पद्धत वापरते. म्हणजे सुरक्षा आणि निवड यांत मूलतः विरोध नाही.

विरोध आहे तो अधिकाराच्या प्रश्नात. परवानगी मागणाऱ्या सॉफ्टवेअरची नोंद सेवादात्याकडे करावी लागते. कोणते साधन विश्वासार्ह, हे तोच ठरवतो. जुन्या सॉफ्टवेअरसाठी गूगलने सोळा अक्षरी ‘ॲप पासवर्ड’ ठेवला आहे, परंतु त्याकरिता द्विस्तरीय पडताळणी अनिवार्य आहे. जालना, अंबड वा परतूर येथील एखाद्या महाविद्यालयात विभागाचे खाते सामायिक असेल आणि पडताळणीचा क्रमांक एकाच प्राध्यापकाच्या मोबाइलवर येत असेल, तर त्यांच्या बदलीनंतर विभागाचा पत्रव्यवहारच अडतो.

तात्पर्य, सेवा निवडताना महाविद्यालयांनी दोन अटी प्रथम तपासाव्यात : आयमॅपसारख्या खुल्या मानकाची सोय आणि पत्रव्यवहाराची प्रत स्वतःकडे ठेवण्याची मुभा. या अटींविना मिळणारी सुरक्षा परावलंबनाकडे नेते.