पुतळा मॉस्कोत, पुस्तक कुठे?

मैत्रीची खूण म्हणून राष्ट्रे एकमेकांच्या भूमीवर पुतळे उभारतात. बहुधा ते राजांचे वा नेत्यांचे असतात. १४ सप्टेंबर २०२२ रोजी मॉस्कोत मात्र वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांचा पुतळा उभा राहिला. भारत-रशिया राजनैतिक संबंधांचे ते पंचाहत्तरावे वर्ष. जागाही मोलाची लाभली: परदेशी साहित्याचे रुदोमिनो ग्रंथालय. दीड दिवस शाळा पाहिलेल्या लेखकाला याहून मोठा मान कोणता?

पण हा स्नेह पुतळ्याने जोडलेला नाही. १९४३ मध्ये अण्णाभाऊंनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला, तेव्हा ते शहर त्यांनी पाहिलेलेही नव्हते. १९६१ साली प्रत्यक्ष रशियात जाऊन आल्यावर ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिले. खरी मैत्रीची भेट म्हणायची तर ती हीच.

हे प्रवासवर्णन निर्दोष नाही. लेखकाची नजर भारावलेली आहे. यजमानाच्या घरातले अंधारे कोपरे तिला दिसत नाहीत. एकेकाळी माणसे तिथे भीतीने गप्प होती, हे या पानांवरून उमगणार नाही. तरीही पुस्तक टिकते, कारण हा प्रवासी झोपडपट्टीतला आहे. परक्या देशात तो राजवाड्यांपेक्षा कष्टकऱ्याच्या वाट्याला काय आले ते आधी पाहतो. मराठी प्रवासवर्णनात ही नजर विरळाच. पुतळ्यात चेहरा येतो, नजर येत नाही. ती पुस्तकातच शोधावी लागते.

आपल्या जैनथच्या मंदिरात परमार जगद्देवाच्या काळचा संस्कृत शिलालेख आहे. माळव्याचा हा राजपुत्र दक्षिणेत, चालुक्यांच्या आश्रयाला आला. त्याचा चेहरा कोणी पाहिलेला नाही. नाव उरले ते दगडावरच्या अक्षरांमुळे. मात्र वाचणारा असेल तरच अक्षरे बोलतात, नाहीतर तोही नुसता दगडच.

आपल्यासाठी प्रश्न इथेच येतो. घरात मराठी, बाजारात आणि शाळेत तेलुगू, अशी आपल्या मुलांची स्थिती. अण्णाभाऊंच्या जयंतीला, १ ऑगस्टला, प्रतिमेला हार घालणारा मुलगा ‘फकिरा’चे एक पान अडखळत तरी वाचू शकतो का? तेलुगू शेजाऱ्याला ती कथा त्याच्या भाषेत सांगू शकतो का? दोन भाषा येणाऱ्या मुलाइतका चांगला दूत कोणते सरकार पाठवणार?

मॉस्कोतल्या पुतळ्याचा अभिमान जरूर बाळगावा. पण त्या ग्रंथालयात अण्णाभाऊ दाराशी उभे आहेत. आपल्या घरात ते निदान फळीवर तरी असावेत, आणि फळीवरून अधूनमधून खालीही उतरावेत.