सेटिंग केलं म्हणजे झालं का?

प्रयोगासाठी तुम्हाला कधी ना कधी रास्पबेरी पायसारखा छोटा एकबोर्डी लिनक्स संगणक वापरावा लागेल. त्याला लॅबमधला जुना मॉनिटर जोडला की पहिली अडचण येते रिझोल्यूशनची. त्यावरचा एक सल्ला सगळीकडे फिरतो: कॉन्फिग फाइल उघडा, 'एचडीएमआय ग्रुप' आणि 'एचडीएमआय मोड' या दोन ओळी टाका, रीबूट करा. आज या सल्ल्याबद्दल थोडं कडक बोलायचं आहे. एके काळी तो बरोबर होता. आता तो शिळा झालाय, पण तरीही तसाच वाढला जातो.

आधी माझी फजिती ऐका. पडद्यावरचं देवनागरी अक्षर किती मोठं असलं की वाचणं सोपं जातं, हे मी मोजत होते. सिंदी मेघेतल्या माझ्या खोलीत एक पाय, 17 इंची जुना मॉनिटर आणि एचडीएमआयचं व्हीजीए करणारा स्वस्तातला अ‍ॅडाप्टर, एवढाच संसार. मॉनिटरचं मूळ रिझोल्यूशन 1280 × 1024. दोन ओळी टाकल्या, रीबूट केलं, पडदा पूर्ण भरला. झालं, लागले कामाला. अकरा जणांनी आपला वेळ काढून वाचून दिलं. मग एक दिवस सहज पडद्याला पट्टी लावली. 40 पिक्सेल उंचीची चौकट साधारण 10.6 मिलिमीटर भरायला हवी होती. भरली 14.

पाय प्रत्यक्षात 1024 × 768 पाठवत होता आणि मॉनिटर ते चित्र ताणून पडदा भरत होता. त्यात रुंदी 1.25 पट झाली, उंची 1.33 पट. म्हणजे अक्षरं नुसती मोठी झाली नव्हती, रुंदीच्या मानाने जवळपास 7 टक्के उंचही झाली होती. अक्षराचा आकार हाच ज्या अभ्यासाचा विषय, तिथे हे चालणार कसं? सगळी मोजमापं बाजूला ठेवली आणि त्याच लोकांकडे पुन्हा वेळ मागायला गेले.

चूक कुठे झाली ते नीट समजून घ्या. मॉनिटर आपली माहिती 128 बाइटच्या एका छोट्या तक्त्यात देतो. त्याला ईडीआयडी म्हणतात. स्वस्त अ‍ॅडाप्टर कधीकधी हा तक्ता पुढे पाठवतच नाहीत. मग लिनक्सचा कर्नल सावध पवित्रा घेतो आणि जास्तीत जास्त 1024 × 768 पर्यंतच जातो. आणि माझ्या त्या दोन ओळी? त्या वाचणारं कुणी उरलंच नव्हतं. पूर्वी डिस्प्लेचा कारभार पायचं फर्मवेअर बघायचं, त्याच्यासाठी त्या ओळी होत्या. 2021 च्या बुल्सआय आवृत्तीपासून हा कारभार मुळात कर्नलच्या केएमएस ड्रायव्हरकडे गेला. तो त्या ओळींकडे बघत नाही.

वर फाइलचीही जागा बदलली. 2023 च्या बुकवर्ममध्ये कॉन्फिग फाइल 'बूट'मधून 'बूट'च्या आतल्या 'फर्मवेअर' फोल्डरमध्ये गेली. आमच्या वर्धा जिल्ह्यात नुसतं 'सिंदी' म्हटलं की समोरचा विचारतो, रेल्वे का मेघे? फाइलचा पत्ता सांगतानाही तसंच विचारायला हवं: कोणती आवृत्ती?

बदल करणाऱ्यांची बाजूही रास्त आहे. केएमएसमुळे पाय इतर लिनक्स संगणकांसारखाच वागू लागला, हे चांगलंच झालं. माझी तक्रार आहे ती शांततेबद्दल. निरुपयोगी झालेली ओळ फाइलमध्ये तशीच राहते, पडद्यावर एक शब्द उमटत नाही, आणि वापरणाऱ्याला वाटतं सेटिंग लागलं. दुसरी तक्रार सल्ला देणाऱ्यांबद्दल. आवृत्ती न सांगता दिलेली कृती म्हणजे तारखेशिवाय दिलेलं औषध.

आता करायचं काय? आधी पायला काय दिसतंय ते बघा. 'सिस' फोल्डरमधली त्या कनेक्टरची ईडीआयडी फाइल रिकामी असेल, तर दोष केबल किंवा अ‍ॅडाप्टरमध्ये शोधा. मग चालू रिझोल्यूशन विचारा: वेलँड असेल तर डब्ल्यूएलआर-रँडरला, एक्स11 असेल तर एक्सरँडरला. ईडीआयडी मिळतच नसेल, तर कर्नलच्या सीएमडीलाइन फाइलमध्ये 'व्हिडिओ' हा पर्याय लिहून रिझोल्यूशन ठरवून द्या. त्या फाइलमध्ये सगळं एकाच ओळीत असतं, एंटर मारू नका. डेस्कटॉपच्या स्क्रीन कॉन्फिगरेशनमध्ये जतन केलेली निवड नंतर लागू होते, तीही तपासा.

आणि शेवटी पट्टी घ्या. 400 पिक्सेलचा चौरस काढा आणि दोन्ही बाजू मोजा. माझ्या मॉनिटरवर त्या 105.6 मिलिमीटर यायला हव्यात. ताणलेल्या चित्रात रुंदी 132 आणि उंची जवळजवळ 141 येते. पाच रुपयांच्या पट्टीला हा फरक दिसतो, आपल्या डोळ्यांना दिसत नाही. डोळे सवयीने सगळं सांभाळून घेतात.

प्रबंधाच्या पद्धती प्रकरणात आपण 'रिझोल्यूशन 1280 × 1024 ठेवले' असं लिहून मोकळे होतो. तिथे आवृत्ती, अ‍ॅडाप्टर आणि मोजून आलेले मिलिमीटर लिहा. फाइलमधली ओळ म्हणजे फक्त आपली इच्छा. पडद्यावर काय आलं ते मोजूनच कळतं, आणि ते पहिला माणूस वाचायला बसायच्या आधी मोजायचं असतं.