मुकादमाची कादंबरी

दसरा सरला की बीड जिल्ह्यात ऊसतोडीच्या टोळ्या निघायला लागतात. माजलगाव तालुक्यातलं दिंद्रुड असो की बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातलं एखादं गाव, हिशेब सगळीकडे सारखाच. नवरा-बायको मिळून एक कोयता, कोयत्यामागे उचल, आणि उचल देणारा मुकादम. कारखान्याकडून पैसा घेऊन तो टोळी बांधतो, हंगामभर राखतो, एखादी तापाने फणफणली म्हणून फडात उतरली नाही तर खाड्याचे पैसे कापतो. हाच मुकादम पुष्कळदा एके काळी स्वतः मोळ्या वाहिलेला असतो. उचल घेतलेलं जोडपं दुसऱ्याच टोळीबरोबर निघून गेलं, तर कारखान्याचं देणं त्याच्या अंगावर येतं. मग माणसं डांबून ठेवण्यापर्यंत काहींची मजल जाते. हा माणूस दुष्ट म्हणायचा का? मराठी साहित्याकडे या प्रश्नाला भिडण्याची परंपरा आहे. अलीकडच्या ग्रामीण कथेने मात्र त्याचा निकाल फार लवकर लावून टाकायची सवय जडवून घेतली आहे.

परंपरा याच गोदाकाठची. ज्ञानेश्वरीच्या सोळाव्या अध्यायात दैवी आणि आसुरी संपत्तीची सविस्तर उकल आहे. त्याच ग्रंथाच्या शेवटी, १२९० साली, ज्ञानेश्वर जे दान मागतात त्यात दुष्टांचा नायनाट नाही. त्यांच्या मनातला वाकडेपणा तेवढा गळून पडावा, एवढंच मागणं आहे. पैठणच्या एकनाथांनी हीच गोष्ट भारुडातून चावडीवर आणली. विंचवाचं भारूड रंगात आलं की सोंगाड्या गडाबडा लोळतो, पोरंसोरं हसतात. हळूहळू मंडपाला कळतं की नांगी मारणारा विंचू म्हणजे काम-क्रोध, आणि उतारा आहे सत्त्वगुणाचा. डंख बसलेल्यांत बघणारेही आले. वाईटाला बाहेरच्या कुणाच्या तरी अंगावर ढकलून मोकळं होण्याची सोय इथे ठेवलेली नाही.

आधुनिक कादंबरीने सुरुवातीला ही गोष्ट रूपकातून मांडली. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’मध्ये (१९५९) भोग आणि संयम यांचा झगडा आहे, कच आणि ययाती ही त्याची दोन टोकं. कादंबरी अफाट वाचली गेली, पुढे ज्ञानपीठही मिळालं. पण तिच्यातली माणसं वृत्तींची प्रतिनिधी म्हणून बोलतात. वाचकाला कुणाची बाजू घ्यायची ते आधीच ठाऊक असतं.

वर्षभरातच उद्धव शेळक्यांची ‘धग’ (१९६०) आली आणि ती सोय संपली. कौतिकचा नवरा महादेव खलपुरुष नाही. तो कच्चा, कुचकामी माणूस आहे, आणि त्याच्या कच्चेपणाची किंमत बायको आयुष्यभर मोजते. दुष्टाव्याशिवायही केवढा विनाश होऊ शकतो, हे वऱ्हाडातल्या एका शिंप्याच्या घरात शेळक्यांनी दाखवलं. हमीद दलवाईंच्या ‘इंधन’मध्ये (१९६५) कोकणातल्या गावचे खासगी हेवेदावे धार्मिक वैराचा वणवा पेटवतात. काडी ओढणारे हात ओळखीच्याच माणसांचे असतात.

या वाटेवरचं सगळ्यात निर्भय पाऊल रंगभूमीने टाकलं. विजय तेंडुलकरांचं ‘सखाराम बाइंडर’ १९७२ मध्ये कमलाकर सारंगांनी रंगमंचावर आणलं, निळू फुले सखाराम झाले, आणि नाटकाला सेन्सॉरशी न्यायालयात झगडावं लागलं. ओरड झाली ती शिव्यांची आणि शरीरसंबंधांची. नाटकातला खरा हादरा मात्र सखारामने घरात आणून ठेवलेल्या लक्ष्मीच्या वाट्याला आहे. ती देवभोळी, सोशिक. मुंगळ्याशीही मायेने बोलणारी. तिच्यामागून घरात आलेल्या चंपाचं बाहेर कुठे जुळलंय हे सखारामच्या कानावर घालते तीच. तो चंपाचा गळा आवळतो आणि हातपाय गाळून बसतो. मग प्रेत पुरण्याची तजवीज लक्ष्मी करते. तोंडाचा फाटका सखाराम कोसळतो आणि पापभीरू लक्ष्मी खड्डा खणते. तेंडुलकर तिला दोष देत नाहीत, सोडूनही देत नाहीत. तिची भक्ती खरी आहे आणि तिचं कृत्यही खरं आहे. दोन्ही एकाच बाईच्या अंगात कसं मावतं, हे पाहणाऱ्याने आपलं आपण सोसायचं.

या नाटकाच्या आधीच दलित साहित्याने प्रश्नाचा रोख बदलला होता. बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेत मार खाल्लेला नायक मारणाऱ्यांच्या हातांमागे मनूचा हात ओळखतो. एकेका माणसाच्या स्वभावाची चिकित्सा करत बसलेल्या मराठी साहित्याला हे सांगणं अत्यंत गरजेचं होतं. अन्यायाला इतिहास असतो, कायदा असतो, धर्माज्ञा असते. मारणारा सभ्य आणि कुटुंबवत्सलही असू शकतो. वाईटाचा पत्ता माणसाकडून व्यवस्थेकडे गेला तो इथे.

मराठवाड्याच्या ग्रामीण कथेने हा पत्ता शेतीपर्यंत नेला. रा. रं. बोराडे यांच्या ‘पाचोळा’त (१९७१) खेड्यातल्या शिंप्याच्या संसाराची वाताहत त्याच्या बायकोच्या बोलीत येते. भास्कर चंदनशिव यांच्या ‘लाल चिखल’ कथेत बाप-लेक टोमॅटो घेऊन बाजारात बसलेले असतात. गिऱ्हाईक भाव पाडून मागतं, दिवस कलतो, भाव आणखी उतरतो. शेवटी बापाचा तोल जातो आणि तो पोटच्या पोरासारखं वाढवलेलं पीक स्वतःच्याच पायांखाली तुडवतो. इथे खलनायक कोण? घासाघीस करणारं गिऱ्हाईकही गरीबच असणार. राग निघतो तो स्वतःच्या घामावर. बाजाराची हिंसा माणसाच्या पायांत कशी उतरते, हे चंदनशिवांनी एका छोट्या कथेत असं दाखवलं की पुढची कित्येक वर्षं शाळकरी मुलं ती वाचून गप्प झाली.

घसरण त्यानंतरची. ‘व्यवस्था’ हा शब्द हाताशी आला आणि पुष्कळ लेखकांना त्याने लिहिण्याचे कष्ट वाचवले. पुढारी आला की तो लबाड, सावकार आला की पिळणारा, मुकादम आला की लिंगपिसाट. समोरचा शेतकरी किंवा मजूर निष्पाप. गरिबाला निष्पाप ठरवण्यात माया आहे, पण तो त्याच्यावर अन्यायही आहे. निवड करण्याचा, चुकण्याचा, शरमिंदा होण्याचा हक्कच त्याच्याकडून काढून घेतला जातो. आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ला २०१६ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा गौरव झाला तो याहून वेगळ्या लेखनाचा. परभणीत पत्रकारिता करणाऱ्या या लेखकाने गावातलं राजकारण, जात आणि शेतीची ओढाताण आवाज न चढवता लिहिली. असे लेखक अजून थोडे आहेत.

बीड जिल्ह्यातलं वास्तव तर सोप्या विभागणीला जुमानतच नाही. २०१९ मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. शासनाने नेमलेल्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२ हजारांवर महिलांपैकी १३ हजारांवर महिलांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. या एका आकड्यात किती माणसं उभी आहेत! कर्करोगाची भीती घालणारा डॉक्टर, खाडा नको म्हणणारा मुकादम, उचल फेडायची घाई असलेला नवरा, ‘पोरं झालीत, आता पिशवीचं काय काम’ म्हणणारी सासू, आणि दर महिन्याची कटकट एकदाची मिटवू पाहणारी ती बाई स्वतः. प्रत्येकाकडे कारण आहे. दोषाचा वाटा सारखा मात्र नाही, आणि तो तोलायला अहवाल पुरत नाही. तिथे कादंबरी लागते.

कथेत चांगुलपणाचंही असंच सोपीकरण झालं आहे. ‘श्यामची आई’ (१९३५) पासून मराठीत चांगला माणूस आला की डोळे पाणावतात आणि प्रश्न थांबतात. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘बनगरवाडी’त (१९५५) वेगळी वाट दाखवली होती, तिथला आनंदा रामोशी भुरट्या चोऱ्या करतो आणि तरी मास्तरांना जवळचा वाटतो. बीड जिल्ह्यात आर्वीला ‘शांतिवन’सारखी संस्था ऊसतोड कामगारांच्या मुलांना सांभाळते. हंगामात नातवंडं उराशी धरून गावात मागे राहणाऱ्या आज्या तर घरोघरी आहेत. अशा माणसांवर पुरवण्यांतून कौतुकाचे लेख येतात. पण रोज चांगलं वागताना माणूस किती थकतो, कुणावर चिडतो, त्याचा अहंकार कुठे फुगतो, हे कथेत क्वचितच उतरतं. त्यामुळे चांगुलपणा हा देवदत्त गुण वाटतो. त्यामागची रोजची मेहनत दिसत नाही.

आता ऊसतोड कुटुंबांतली मुलं अंबाजोगाई, बीड, छत्रपती संभाजीनगरच्या महाविद्यालयांतून शिकून लिहू लागली आहेत. त्यांच्यातल्या कित्येकांचा मामा किंवा चुलता मुकादम आहे. दिवाळीला त्याने आणलेले कपडे त्यांनी घातलेत, आणि त्याच मामाने फडात एखाद्या बाईला घातलेल्या शिव्याही ऐकल्यात. शहरी लेखकाला जो माणूस कल्पनेने रचावा लागेल, तो यांच्या ओट्यावर चहा पीत बसतो. त्याला माफ न करता आणि सैतानही न ठरवता त्याच्या पहिल्या कोयत्यापासून पहिल्या वसुलीपर्यंतचा प्रवास लिहायचा, तर घरच्यांचा रोष पत्करावा लागेल. मराठी ग्रामीण कादंबरीचं पुढचं मोठं काम तिथेच अडून बसलं आहे, आणि ते पुरं करायची ऐपत आज याच मुलांच्या अंगात आहे.