कर्मविपाक आणि व्यक्तिगत उत्तरदायित्व : एक चिकित्सा

प्रस्तावना

कर्मसिद्धान्ताविषयी दोन परस्परविरोधी मते आपल्याकडे रूढ आहेत. एका मतानुसार हा सिद्धान्त म्हणजे व्यक्तिगत उत्तरदायित्वाची सर्वांत कठोर मांडणी होय. कारण त्यात केलेल्या कृत्याचे फळ कर्त्याला चुकत नाही. दुसऱ्या मतानुसार हा सिद्धान्त दैववादाचेच दुसरे नाव असून त्याने समाजाला निष्क्रिय केले. दोन्ही मतांना ग्रंथाधार मिळतो, म्हणूनच हा वाद संपत नाही. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, सिद्धान्त काय सांगतो या प्रश्नाइतकाच तो कोण, कोणाविषयी आणि कोणत्या प्रसंगी सांगतो हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. स्वतःच्या पुढील कृतीविषयी उच्चारलेला कर्मविचार जबाबदारी निर्माण करतो. दुसऱ्याच्या दुःखाविषयी उच्चारलेला तोच विचार जबाबदारी नष्ट करतो.

सिद्धान्ताचे प्रयोजन

जगातील विषमतेचा प्रश्न ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात (२.१.३४) उपस्थित होतो. कोणी सुखी, कोणी दुःखी अशी सृष्टी निर्माण करणारा ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही काय, असा आक्षेप तेथे आहे. ईश्वर जीवांच्या कर्मानुसार फळ देतो, म्हणून त्याच्यावर दोष येत नाही, असे त्याचे उत्तर. शंकराचार्यांनी येथे पर्जन्याचा दृष्टांत दिला आहे. पाऊस हे भात, जव इत्यादी धान्यांच्या उत्पत्तीचे समान कारण होय; पिकांतील भेद मात्र बीजांच्या निरनिराळ्या सामर्थ्यामुळे होतो.

हा दृष्टांत भंडाऱ्यासारख्या धानाच्या जिल्ह्यात तपासून पाहण्याजोगा आहे. पाऊस सर्वांवर सारखा पडतो आणि बीज आपल्या गुणाप्रमाणे उगवते, हे खरे. परंतु पाऊस आणि बीज यांच्यामध्ये बांधी असते, तिची धुरे असतात, गावचा तलाव आणि त्याचा पाट असतो, आणि ते पाणी कोणाला किती मिळावे हे ठरवणारी माणसे असतात. शेवटच्या बांधीतील धान वाळले, तर त्याचा दोष नेहमीच बीजाकडे जात नाही. ईश्वराला निर्दोष ठरवण्यापुरता हा युक्तिवाद समर्थ आहे. पण त्यात मनुष्यकृत व्यवस्थेला स्थानच नाही. पुढे ईश्वराच्या बचावासाठी रचलेला हा युक्तिवाद माणसाने स्वतःच्या बचावासाठी वापरला, हेच या सिद्धान्ताच्या सामाजिक इतिहासाचे मर्म होय.

गौतमीची कथा

महाभारताच्या अनुशासनपर्वाच्या आरंभी गौतमी नावाच्या वृद्धेची कथा येते. तिच्या मुलाला सर्प दंश करतो आणि तो मरण पावतो. अर्जुनक नावाचा व्याध सर्पाला बांधून आणतो व त्याला कसे मारू असे विचारतो. गौतमी सर्पाला सोडून देण्यास सांगते. सर्प म्हणतो, मला मृत्यूने प्रेरिले. मृत्यू म्हणतो, मला काळाने. आणि काळ म्हणतो, या बालकाच्या कर्मानेच त्याचा अंत झाला. जबाबदारी अशा रीतीने एकाकडून दुसऱ्याकडे जात शेवटी मृत बालकावर येऊन थांबते. गौतमीही हा निर्णय मान्य करते आणि स्वतःच्या कर्माचाही त्यात वाटा मानते.

केवळ निष्कर्ष पाहिला तर ही कथा दैववादी वाटते. परंतु तिचा संदर्भ विसरता येत नाही. भीष्म ही कथा सांगतो ती युधिष्ठिराला. म्हणजे ज्याने युद्धातील संहाराची जबाबदारी आधीच स्वतःवर घेतली आहे आणि जो त्या भाराखाली खचला आहे, त्याला. ती दुर्योधनाला सांगितलेली नाही. तसेच कथेत कर्माचा स्वीकार करते ती पुत्र गमावलेली आई. आणि त्या स्वीकाराचा परिणाम सूड थांबण्यात होतो. शोकग्रस्ताला धीर देणारे हे वचन अपराध्याचे दोषमुक्तिपत्र म्हणून वापरले, तर कथेचा अर्थच उलटा होतो.

गीतेतील पाच कारणे

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण, विविध चेष्टा आणि दैव. केवळ स्वतःलाच कर्ता मानणाऱ्याची दृष्टी तेथे अपुरी ठरवली आहे. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात या पाचही कारणांचे विस्ताराने विवरण येते.

मोहाडी तालुक्यातील आंधळगाव कोसा विणकामासाठी ओळखले जाते. तेथील मागावरचे उदाहरण घेतल्यास ही मांडणी स्पष्ट होते. कापडाचा पोत विणकराच्या कौशल्यावर अवलंबून असतो. त्याचप्रमाणे माग, धोटा, सूत आणि हातापायांच्या हालचालींचा मेळ यांवरही. सूत त्याच्या हाती येते तेव्हा ते आधीच कातलेले असते. मात्र सूत कच्चे होते एवढे सांगून विणकराला ढिल्या विणीचे समर्थन करता येत नाही.

येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली, दैव हे पाचांपैकी एक कारण आहे, एकमेव नव्हे. दुसरी, या स्थळी शंकराचार्यांनी दैव म्हणजे इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या आदित्यादी देवता असा अर्थ घेतला, तर रामानुजाचार्यांनी अंतर्यामी परमात्मा असा. ‘दैव म्हणजे मागील जन्मीचे पाप’ हा लोकव्यवहारातील अर्थ या दोन्ही प्रमुख भाष्यांत नाही.

टिळकांची मांडणी आणि तिची मर्यादा

लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. संचित, प्रारब्ध व क्रियमाण हे रूढ त्रिविध वर्गीकरण त्यांनी नाकारले आणि ब्रह्मसूत्रांच्या आधारे आरब्धकार्य व अनारब्धकार्य असे दोनच भेद मानले. देहेंद्रिये कर्मबद्ध असली तरी आत्मा मूळचा स्वतंत्र आहे; त्याला देहाच्या साधनांनीच काम करावे लागत असल्याने प्रयत्नाने ती साधने सुधारणे भाग आहे, असे त्यांच्या विवेचनाचे सार सांगता येईल. पराधीन देशातील वाचकाला प्रयत्नवादाचे तात्त्विक अधिष्ठान देणारी ही मांडणी होती. गीतेचे नीतितत्त्व चातुर्वर्ण्येतर समाजव्यवस्थेलाही लागू पडते, असेही त्यांनी म्हटले आहे.

तथापि या मांडणीत कर्ता एकटा आहे. त्याचे स्वातंत्र्य त्याच्या मोक्षाच्या आणि कर्तव्याच्या संदर्भात सिद्ध होते. ज्याच्या हातातील साधनेच दुसऱ्यांनी काढून घेतली आहेत, त्याच्या बाबतीत काय, या प्रश्नाला येथे पुरेसे उत्तर मिळत नाही.

चोखामेळा, कर्ममेळा आणि आंबेडकर

हा प्रश्न मराठी संतवाङ्मयात फार पूर्वी उपस्थित झाला होता. चोदाव्या शतकातील चोखामेळा यांच्या नावावरील एका अभंगात आपला हीन मानलेला जन्म हे पूर्वजन्मीच्या कृष्णनिंदेचे फळ म्हटले आहे. गावाने लादलेल्या अस्पृश्यतेचा हिशेब येथे पीडित स्वतःच्या नावे मांडतो. त्यांचे पुत्र कर्ममेळा यांच्या अभंगांत मात्र स्वर बदलतो. तेथे देवालाच जाब विचारला जातो. पित्याच्या अभंगात जे स्पष्टीकरण होते, ते पुत्राच्या अभंगात तक्रार होते. हे स्थित्यंतर मराठी साहित्याच्या अभ्यासकांनी तत्त्वज्ञानाच्या अंगानेही तपासले पाहिजे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या तक्रारीला सैद्धान्तिक रूप दिले. १९५७ साली, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात त्यांनी कर्माचा नियम नाकारलेला नाही. नैतिक व्यवस्थेचा आधार म्हणून तो स्वीकारला आहे. नाकारले ते गतजन्मीच्या कर्माने या जन्मीची स्थिती ठरते हे मत. राज्यसंस्थेला आणि समाजाला दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी टाळता यावी, याखेरीज अशा मताचे दुसरे प्रयोजन दिसत नाही, असा त्यांचा आक्षेप आहे. जबाबदारी टाळण्याच्या ज्या सवयीवर टिळकांनी आत्मस्वातंत्र्याच्या बाजूने प्रहार केला, तिच्यावर आंबेडकरांनी समाजाच्या बाजूने प्रहार केला, असे म्हणता येईल.

भंडाऱ्याची कसोटी

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि १० अर्भकांचा मृत्यू झाला. ७ अर्भकांना वाचवता आले. कर्मविपाकाच्या रूढ अर्थाची याहून कठीण कसोटी असू शकत नाही. ज्यांनी या जन्मी एकही कृत्य केले नव्हते, त्यांच्या मृत्यूचे कारण त्यांच्याच कर्मात शोधायचे काय?

एखादी आई शोकाच्या भरात ‘माझ्या नशिबी हेच होते’ असे म्हणत असेल, तर तो तिचा अधिकार आहे. ती गौतमीच्या जागी आहे. तेच वाक्य ज्यांच्यावर त्या कक्षाची देखभाल सोपवली होती त्यांच्यापैकी कोणी, अथवा आपल्यापैकी कोणी उच्चारले, तर तो कर्मसिद्धान्त राहत नाही. सिद्धान्ताच्या अंतर्गत तर्कानेही हे टिकत नाही. बळीच्या प्रारब्धामुळे मारणारा निर्दोष ठरत असता, तर हिंसेला पाप म्हणण्याचे कारणच उरले नसते. शिवाय कर्माची गती जाणण्यास कठीण आहे, असे गीताच सांगते. मग दुसऱ्याचे पूर्वकर्म आपल्याला ठाऊक आहे, असा दावा कोणत्या आधारावर करायचा? त्या घटनेनंतर चौकशी समिती नेमली गेली आणि काही अधिकारी-कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. कारणांची अशी चौकशी करणे हे गीतेतील पाच कारणांच्या विचाराला धरूनच आहे. ती न करता दैवाकडे बोट दाखवणे म्हणजे पाचपैकी चार कारणे गाळणे होय.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून कर्मविचाराच्या योग्य वापराच्या तीन मर्यादा निश्चित करता येतात. तो प्रथम स्वतःला लावावा. झालेल्या गोष्टीच्या समर्थनापेक्षा पुढील कृतीच्या निर्णयासाठी वापरावा. आणि दुसऱ्याच्या दुःखासमोर त्याचा उपयोग करायचाच झाल्यास ‘या दुःखात माझ्या कर्माचा वाटा किती’ एवढाच प्रश्न विचारण्यासाठी करावा. या मर्यादा पाळल्या तर हा सिद्धान्त आजही उत्तरदायित्वाचे समर्थ तत्त्वज्ञान ठरू शकतो. त्या ओलांडल्या तर आंबेडकरांच्या आक्षेपाला आपल्यापाशी उत्तर उरत नाही. महाविद्यालयीन अध्यापनात संचित-प्रारब्धाच्या व्याख्या सांगून आपण अनेकदा थांबतो. त्या व्याख्यांचा उपयोग कोणी कोणाविरुद्ध केला, हा भागही विषयाचाच आहे, आणि तो विद्यार्थ्यांपुढे मांडणे हे अध्यापकाचे कर्म होय.