फुगा सांगतो ती अर्धीच गोष्ट

जेट इंजिन शिकवताना तोंड सोडलेला फुगा वर्गात हमखास उडतो आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाशी पाठ संपतो. आमची तक्रार या संपण्याबद्दल आहे. झोत जितका वेगवान तितके इंजिन चांगले, असा समज घेऊन मुले उठतात. विमान कंपनीचा हिशेब नेमका उलटा असतो.

फळ्यावर मांडून पाहा. दर सेकंदाला १०० किलो हवेचा वेग सेकंदाला ४०० मीटरने वाढवा, किंवा ४०० किलोचा १०० मीटरने. रेटा दोन्हीकडे ४०,००० न्यूटनच. पण मागे झोतात वाया जाणारी गतिज ऊर्जा? पहिल्यात सेकंदाला ८० लाख ज्यूल, दुसऱ्यात २० लाख! टर्बोफॅनचा पुढचा पंखा मोठा होत गेला तो यासाठी.

२०१६ मध्ये सेवेत आलेल्या एअरबस ए-३२० निओची इंधनबचत सुमारे १५ टक्के सांगितली जाते. तिचा मोठा वाटा अशा इंजिनांचा. (ती खर्चातली बचत नव्हे, हे जाहिरात सांगत नाही.) इंधन एकूण खर्चाच्या ३० टक्के धरले तर खर्च घटतो साडेचार टक्के. जेमतेम नफ्याच्या या धंद्यात तेवढेही पुष्कळ. फुगा जरूर उडवावा, पण त्याच तासाला हे गणितही मुलांकडून करवून घ्यावे.