‘रिकामे मधुघट’ : मागणाऱ्या मित्राची कविता

भा. रा. तांबे यांच्या ‘रिकामे मधुघट’ या कवितेचे अध्यापन मी सुमारे तीस वर्षे केले आणि त्या तीसही वर्षांत तिच्यातील ‘सखा’ म्हणजे रसिक वाचक, असे विद्यार्थ्यांना सांगत आलो. परीक्षेच्या दृष्टीने हे उत्तर निर्दोष होते. मध म्हणजे कविता, रिकामे घट म्हणजे आटलेली प्रतिभा, पैलतीर म्हणजे परलोक. रूपकाची एवढी फोड फळ्यावर मांडली की तास संपत असे. आज निवृत्तीनंतर ही कविता पुन्हा वाचताना वाटते की, त्या फोडीत कवितेचा जीवच निसटत होता. रसिकाला सखा म्हणण्याचा संकेत जुना आहे. परंतु रसिकापुढे कोणी आपल्या घरातल्या वाट्या मोजून दाखवीत नाही.

तांबे यांचा जन्म ग्वाल्हेर संस्थानातील मुंगावलीचा, आणि त्यांचे आयुष्य गेले ते देवास, इंदूर, ग्वाल्हेर अशा मध्य भारतातील गावांत. पुण्या-मुंबईच्या वाङ्मयीन वर्दळीपासून दूर राहिलेल्या या कवीचा पहिला संग्रह १९२० साली वा. गो. मायदेव यांनी संपादिला आणि १९३५ साली माधव जूलियन यांनी ‘समग्र कविता’ सिद्ध केली. म्हणजे त्यांचा मध वाचकांपर्यंत पोचला तो इतर कवींच्या आस्थेमुळे. कवितेतील सखा म्हणजे यांपैकी कोणी, असे सुचविण्याचा माझा मुळीच हेतू नाही. पण मागणारा माणूस ही तांब्यांच्या बाबतीत केवळ अलंकारिक कल्पना नव्हती, एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

कवितेतील प्रसंग अगदी साधा आहे. सखा आला आहे आणि त्याने नेहमीप्रमाणे मध मागितला आहे. मागण्यात त्याला काही वावगे वाटत नाही, कारण आजवर त्याला कधी नकार मिळालेला नाही. उत्तर देणाऱ्याला मात्र प्रथमच ‘नाही’ म्हणावे लागते, आणि ते म्हणताना तो पूर्वी केलेल्या सेवेची आठवण देतो, रागावू नकोस म्हणून विनवतो. पूर्वसेवेचा हा उल्लेख पुष्कळांना दीनवाणा वाटतो. मलाही काही काळ वाटत असे. परंतु ही दात्याने काढलेली उपकारांची आठवण नव्हे. आयुष्यभर एकमेकांच्या घरी जेवलेली दोन माणसे जेव्हा रिकाम्या फडताळापुढे उभी राहतात, तेव्हा त्यांना जुन्या पंगतींचाच आधार घ्यावा लागतो. तो आधार नव्या ओळखीच्या माणसापाशी मागता येत नाही.

यानंतरच्या कडव्यात कवितेचे मर्म आहे, आणि तेथेच आमची शिकवणी सर्वांत घाईची होती. मध नाही, मग घरात आहे काय? नैवेद्यापुरते वाटीभर दूध, आणि देवपूजेसाठी अंगणात कसेबसे जगविलेले कोरांटीचे झाड. ज्याने एकेकाळी कमळाच्या द्रोणात मध भरून दिला, त्याच्या अंगणात आता कोरांटी आहे. कोरांटी आपल्याकडे सर्वांच्या परिचयाची: काटेरी, फारशी निगा न मागणारी, वासासाठी कोणी लावीत नाही, पण देवाला चालते. या एका झुडुपाची निवड ज्या कवीला सुचली, त्याची प्रतिभा आटली होती हे मानणे कठीण आहे.

आणखी एक गोष्ट तीस वर्षांत माझ्या लक्षात आली नाही. वक्ता ते दूध मित्राला देऊ करीत नाही. ‘मध नाही तर दूध घे’ असे कवितेत कोठेही नाही. जे उरले आहे ते देवाचे आहे. त्यावर मित्राचा हक्क नाही, आणि बहुधा स्वतःचाही नाही. सुदाम्याची कथा येथे आठवते. तेथे दरिद्री मित्र मूठभर पोहे लपवितो आणि श्रीकृष्ण ते ओढून घेतो. येथे यजमान काहीच लपवीत नाही, उलट सगळे घर उघडे करून दाखवितो, आणि तरी सख्याचे हात रिकामेच राहतात. हा नकार कठोर आहे. पण वक्त्याला स्वतःचा जो शोध लागतो, तो या नकारातूनच लागतो. सखा मध मागायला आला नसता, तर आपल्यापाशी काय संपले आणि काय उरले, हे पाहण्यासाठी तो घरात वळलाही नसता. म्हातारपणी माणूस आपल्याविषयी जुन्या समजुतींवरच दिवस काढीत असतो. त्या समजुती तपासायला लावतो तो जुना मित्र, आणि तेही उपदेश करून नव्हे, तर जुनेच काही मागून.

सख्याला जे हवे आहे त्याची यादी कवी पुढे देतो: तरुणांचे लाजरे प्रेमालाप, झाडाझऱ्यांचे गुपित, संसाराचे रहस्य. रचनेच्या दृष्टीने हे कडवे मला उरलेल्या कवितेपेक्षा सैल वाटते. त्यात तांब्यांच्या जुन्या विषयांची जंत्री आहे. मध म्हणजे कविता, हा पारंपरिक अर्थ याच कडव्यावर उभा आहे आणि तो मी नाकारीत नाही. परंतु त्याच्या शेवटी मध पिळण्यासाठी बळजबरी करू नकोस, असे जे सांगितले आहे, त्यात या विनवणीतला एकमेव धारदार स्वर आहे. इतकी चीड माणूस फक्त जवळच्यावर करतो.

शेवटच्या कडव्यात दिवस कलला आहे, आणि संध्याकाळच्या सावल्यांची आपल्याला भीती वाटते, असे कवी स्पष्ट सांगतो. टीकाकारांना पैलतीरी लागलेली दृष्टी आवडते. ती भव्य आहे, तिच्यात विरक्ती दिसते. भीतीवरून ते हलकेच पुढे सरकतात. तांब्यांची मृत्यूविषयीची दुसरी सुप्रसिद्ध कविता, जग आपल्यासाठी क्षणभर हळहळेल आणि पुन्हा आपल्या कामाला लागेल असे सांगणारी, याच्या शेजारी ठेवून पाहावी. तेथे समोर ‘जन’ आहेत आणि स्वर अलिप्त आहे. जनांपुढे भ्यालो म्हणून कोणी सांगत नाही. येथे समोर सखा आहे, म्हणून ते शब्द तोंडातून निघू शकतात. भीती आणि पैलतीर ही दोन्ही याच कडव्यात आहेत, आणि पहिली मान्य केल्यावाचून दुसऱ्याकडे पाहणे खोटे ठरले असते.

जयवंत दळवी यांच्या ‘संध्याछाया’ नाटकाचे नाव याच कडव्याची आठवण करून देते. त्यातील नाना आणि नानी यांचे दुःख अगदी वेगळे आहे: त्यांच्या दारात येऊन हक्काने काही मागणारे कोणी उरलेले नाही.

गेल्या हिवाळ्यात माझा एक शाळासोबती पुष्कळ वर्षांनी घरी आला आणि बसल्याबसल्याच म्हणाला, “ते पद म्हण ना, स्नेहसंमेलनात म्हणायचास ते.” मी म्हणालो की, आवाज गेला. तो काही वेळ गप्प राहिला आणि मग माझ्या मोतीबिंदूची चौकशी करू लागला. कवितेतील सखा नकार ऐकून काय करतो, याविषयी तांब्यांनी अवाक्षर लिहिलेले नाही. तो रुसून निघून गेला, असे विद्यार्थी सहसा गृहीत धरतात, आणि मी त्यांना कधी अडविले नाही. आता वर्ग घेतला असता तर हा प्रश्न मी त्यांना मुद्दाम विचारला असता, आणि स्वतः मात्र उत्तर दिले नसते.