तबकडीबाहेरचे गाणे

नाट्यसंगीताला आता श्रोता उरला नाही, असे कोणी म्हणू नये. दिवाळी पहाट, सहकारी बँकेचा वर्धापनदिन, ज्येष्ठ नागरिक संघाचे संमेलन, परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाचा गणेशोत्सव, सगळीकडे दोन-अडीच तासांत अठरा-वीस पदे म्हणणारे संच हिंडत आहेत आणि त्यांच्या तारखा भरलेल्या असतात. कार्यक्रमाचा साचाही पक्का झाला आहे. निवेदक उभा राहतो. १९११ साली ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी बालगंधर्वांची मुलगी गेली आणि तरीही ते तोंडाला रंग लावून उभे राहिले, हे सांगतो. सभागृह हळहळते आणि भामिनीचे पद सुरू होते. ती भामिनी ते पद कोणाला उद्देशून म्हणते आहे, त्याच्या आधीच्या संवादात काय घडले आहे, पद संपल्यावर तिचे मन कुठे पोचले आहे, याबद्दल अवाक्षर नाही. नटाचे दुःख सांगितले जाते, पात्राचे कोणी विचारत नाही. २०२५च्या जानेवारीत ‘संगीत मानापमान’ नावाचा भव्य चित्रपट आला, त्यानंतर या नाट्यसंगीत रजन्यांना आणखी जोर चढला आणि ‘ज्येष्ठांच्या आठवणींना उजाळा’ हे शब्द प्रत्येक जाहिरातीत दिसू लागले. माझा आक्षेप नेमका या शब्दांना आहे. ज्येष्ठांचे प्रेम खरे आहे. पण त्यांना जे ऐकवले जाते ती त्यांची आठवण नाही, ती ग्रामोफोनची आठवण आहे.

आज पंचाहत्तरीला आलेला रसिक १९५०च्या आसपास जन्मलेला. बालगंधर्व १९६७ साली गेले आणि त्यांचे ऐन बहरातले दिवस तर त्याच्या कितीतरी आधी सरले होते. म्हणजे या रसिकाने गंधर्वांची भामिनी किंवा रुक्मिणी पाहिलेली नाही. ती त्याला मिळाली तबकडीवरून, आकाशवाणीवरून आणि वडिलांच्या तोंडून. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटे मावत. रंगमंचावर जे पद गायकाच्या मर्जीवर, साथीवर आणि प्रेक्षकांच्या प्रतिसादावर दहा-पंधरा मिनिटे फुलत असे, ते भोंग्यासमोर उभे राहून एवढ्या वेळात उरकावे लागे. अस्ताई झपाट्याने, अंतरा एकदाच, मध्ये घाईने खोचलेल्या दोन-तीन ताना आणि जागा संपत आली म्हणून घेतलेली शेवटची तिहाई. या तडजोडीत त्या गायकांनी जे केले ते थक्क करणारे आहे आणि त्या तबकड्या नसत्या तर आपण कंगाल झालो असतो, यात वाद नाही. पण आजचा रजनीतला गायक ती तडजोड हीच मूळ रचना मानून गातो. तबकडीत तान जिथे आली तिथेच ती घेतो, मेण संपल्यामुळे आलेला शेवट हाच पदाचा शेवट समजतो आणि श्रोते ‘हुबेहूब’ म्हणून टाळ्या वाजवतात. ज्या कलेत एक पद दोन रात्री सारखे गायले जात नसे, त्या कलेला हुबेहूबपणाची शाबासकी मिळते.

मैफलीची गोष्ट वेगळी नाही. केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली, याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. पण ज्यांनी केसरबाईंना समोर बसून ऐकले त्यांच्या बोलण्यात येतो तो एकेका रागाचा सावकाश उभा राहणारा डौल आणि न तुटणारा दमसास. साडेतीन मिनिटांत तो मावत नाही.

प्रत्यक्ष पाहणाऱ्यांनी काय आठवणीत ठेवले, हा पुरावा आपण कधी नीट तपासलाच नाही. ‘स्वयंवर’मध्ये भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशींवरून बांधलेल्या चाली आहेत, संगीताच्या दृष्टीने ते शिखर आहे. तरी १९१६ साली ते रंगमंचावर आल्यानंतरच्या पिढीने पुन्हापुन्हा सांगितली ती बालगंधर्वांच्या रुक्मिणीने प्रवेश करताच भावाला विचारलेल्या एवढ्याशा प्रश्नाची फेक, चक्क गद्यातली. ती कुठल्या गाण्याच्या तबकडीवर नाही. थिरकवाँचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी लोकांनी आठवली ती पदाच्या जोडीने, नटाच्या श्वासाबरोबर चालणारी म्हणून. आणि मराठी नाट्यस्मृतीतला सर्वांत मोठा प्रयोग कोणता? ८ जुलै १९२१चा संयुक्त मानापमान. टिळक स्वराज्य फंडासाठी दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या एकत्र आल्या, केशवराव भोसले धैर्यधर झाले आणि बालगंधर्व भामिनी. त्या रात्रीचा एकही सूर कुठे मुद्रित झालेला नाही. केशवराव त्याच वर्षी गेले. तरी शंभर वर्षे मराठी माणूस त्या रात्रीबद्दल बोलतो आहे. म्हणजे पाहणाऱ्यांच्या स्मृतीला यंत्राची गरज नव्हती. समोरासमोर घडलेले काहीतरी तिने धरून ठेवले होते: दोन गळ्यांची चुरस, त्या रात्रीचा प्रेक्षक, पुढची तान जमेल की नाही याची धाकधूक.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, की म्हाताऱ्यांच्या आठवणी सोनेरीच असतात, त्यांचा पुरावा कसला धरायचा? हा आक्षेप धरण्यासारखा असता, जर त्या आठवणी नुसती स्तुती असत्या. तशा त्या नाहीत. गंधर्वांच्या काळातच तक्रार होत होती की वन्स मोअरपायी नाटकाची मैफल होते, कथानक ताटकळत उभे राहते. ही कुरकूरही स्मृतीचाच भाग आहे आणि ती वगळून फक्त गोडवा विकणे हाच आजच्या कार्यक्रमांचा उद्योग आहे. दुसरा आक्षेप लांबीचा. आता कोणाला पहाटेपर्यंत बसायला वेळ आहे? पण लांबी हा मुद्दाच नाही. जितेंद्र अभिषेकींनी ‘मत्स्यगंधा’ (१९६४) आणि ‘ययाती आणि देवयानी’ (१९६६) या नाटकांत पद मुद्दाम आटोपशीर केले. प्रसंगाला जेवढे गाणे पेलते तेवढेच ठेवले, चाली पात्राच्या स्वभावातून काढल्या आणि तरीही गायकाला श्वास घ्यायला जागा ठेवली. त्यांचे पद लहान आहे ते नाटकाने मागितले म्हणून. तबकडीवरचे पद लहान आहे ते मेणाला जागा नव्हती म्हणून. या दोन लहानपणांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि रजन्यांनी तो पुसून टाकला.

‘कट्यार काळजात घुसली’ हे त्याचे सर्वांत ढळढळीत उदाहरण. १९६७ सालच्या या नाटकात नाटककार दारव्हेकरांनी दोन घराण्यांचा झगडा मांडला आणि अभिषेकींनी एकच पद दोन वेगळ्या चालींत बांधले, एक पंडितजींच्या घराण्याची, दुसरी खाँसाहेबांच्या. शब्द तेच, पण स्वर लावण्याची, लय पकडण्याची वृत्ती दुसरी. ते पद म्हणजे नाटकाचा युक्तिवाद आहे. प्रेक्षकाने दोन्ही चाली ऐकल्या तरच वसंतराव देशपांड्यांचा खाँसाहेब काय हिसकावू पाहतो आहे आणि काय त्याच्या हाती कधीच लागणार नाही, हे कळते. रजनीत त्यातली एकच चाल येते, बहुधा जास्त टाळ्या घेणारी. वादाचा एकच पक्ष ऐकवावा तसे हे आहे. २०१०च्या सुमारास राहुल देशपांड्यांनी ‘कट्यार’ पुन्हा रंगमंचावर उभे केले तेव्हा हा वाद पुन्हा जिवंत झाला होता, तरुण प्रेक्षक तिकीट काढून पूर्ण नाटक पाहत होता. त्या वाटेने पुढे जाण्याऐवजी २०१५च्या चित्रपटाने सगळ्यांना दुसरीकडे वळवले. चित्रपट देखणा होता, नवी गाणी गाजली, आणि आज स्पर्धांतली मुले ‘कट्यार’ म्हणून तीच गाणी म्हणतात. फ्यूजनवाले आणि दूरचित्रवाणीवरचे परीक्षक यांच्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

लिहावेसे वाटते ते ‘संगीत देवबाभळी’बद्दल. प्राजक्त देशमुखांचे हे नाटक २०१७ साली व्यावसायिक रंगमंचावर आले आणि पाचशे प्रयोगांपर्यंत गेले. पायात काटा रुतलेली तुकोबांची आवली आणि तिची शुश्रूषा करायला रूप बदलून आलेली रखुमाई, एवढ्या दोनच बायका. ओळखीचे एकही नाट्यपद नाही, तरी नाट्यपदांवर वाढलेल्या रसिकांनी त्याला गर्दी केली. ज्या श्रोत्याला म्हणे फक्त ओळखीची चाल हवी असते, तो अनोळखी चालींसाठी बसला, कारण इथे संवाद जिथे थकतो तिथून गाणे उगवते. दोघी आपापल्या संसाराचे गाऱ्हाणे बोलता बोलता स्वरात शिरतात आणि बोलणे कुठे संपले ते कळत नाही. काही जाणकारांनी नाक मुरडले, रागदारी नाही, ताना नाहीत, मग हे संगीत नाटक कसले? त्यांना १८८० आठवत नाही. किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबरला पुण्यात ‘शाकुंतल’चा प्रयोग केला तेव्हा त्यातली पदे साकी, दिंडी, कामदा अशा घरोघरी, कीर्तनात रुळलेल्या चालींची होती. ठुमरी-कजरीच्या वळणाच्या चाली गोविंदराव टेंबे यांनी आणल्या त्या ‘मानापमान’पासून, ख्याल आला ‘स्वयंवर’पासून. १९११ हे आरंभवर्ष धरले तर ‘देवबाभळी’ परकी वाटेल, १८८० धरले तर ती थेट वंशातली आहे. गोव्यात हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. तिथे देवळाच्या जत्रेत गावातलेच लोक रात्री अख्खे संगीत नाटक करतात, त्यात कच्चे-पक्के सगळे असते, पण पद प्रवेशातून सुटून एकटे हिंडत नाही.

आयोजक म्हणतील, लोकांना विरंगुळा हवा आहे, त्यांना अभ्यासाला का जुंपता? हा ज्येष्ठांचा अपमान आहे. ज्यांनी विद्याधर गोखल्यांची ‘पंडितराज जगन्नाथ’, ‘मंदारमाला’ तिकीट काढून पाहिली, राम मराठ्यांची तान चुकते का जमते यावर मध्यंतरात वाद घातले, ते रसिक आज केवळ सत्तरी-ऐंशीत आहेत म्हणून त्यांना चघळलेलेच भरवायचे? सवाई गंधर्व महोत्सवात हेच लोक तासन्‌तास बसतात. त्यांना कमी लेखणारे त्यांच्या नावाने तिकिटे विकत आहेत. आणि वेळ फार नाही. २०२२च्या एकाच जानेवारीत रामदास कामत आणि कीर्ती शिलेदार गेले. त्यांची गाणी मुद्रित आहेत, पण गद्याच्या शेवटच्या वाक्याखाली ऑर्गनवाल्याने स्वर कधी सरकवायचा, वन्स मोअर आल्यावर पात्र न सोडता पुन्हा पदाच्या तोंडाशी कसे यायचे, समोरच्या नटाने तेवढा वेळ काय करायचे, हे त्यांच्या अंगात होते आणि ते कुठल्याच तबकडीवर नाही. जे थोडे कलावंत आणि साथीदार अजून आहेत, त्यांना शाल-श्रीफळ देऊन पहिल्या रांगेत बसवण्याऐवजी तालमीला बोलवा. वीस पदांच्या खर्चात ‘सौभद्र’चा एक अंक होतो, संवादांसकट, ऑर्गन-तबल्यासकट. पुढच्या दिवाळीत एका तरी आयोजकाने तो करावा, आणि अंक संपल्यावर समोरच्या पांढऱ्या केसांच्या श्रोत्यांना विचारावे की तुम्ही पाहिला होता तेव्हा यात काय निराळे होते. ते सांगतील, तपशिलाने सांगतील, आपसात भांडतील. ते टिपून घ्या.